सात नंबरचा पोरगा

९ जानेवारी, गुरुवार

सापडला! घाटकोपरच्या मैदानावर, भर दुपारच्या उन्हात, साकीनाक्याच्या एका कॉलेजच्या संघात. सात नंबर.

नाव नंतर विचारलं, आधी पाय बघितले. माझी पद्धतच तशी — खेळाडूचं तोंड बघायचं नाही. तोंड बघितलं की एक तर माया लागते नाहीतर राग येतो, आणि दोन्हींनी निवड बिघडते. गेली सहा वर्षं मी हे सगळ्यांना ऐकवतोय आणि लोक माना डोलावतात. चष्मा लावायची लाज वाटते म्हणून तोंडं दिसत नाहीत, हे खरं कारण फक्त अनुपमाला माहीत आहे. बायकोपासून काय लपतं!

डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. चढाई करणाऱ्याने पाय जरा लांब टाकला की हा खाली बसून घोटा धरतो. धरला की सुटणं नाही. चार पकडी केल्या आज, चारही स्वच्छ. कबड्डीत असा कोपरा सांभाळणारा मी फार दिवसांनी बघितला. गुणलेखकाला हळूच नाव विचारलं. आकाश. शेवटच्या वर्षाला आहे. माझा 'हळूच' असा, की बाजूच्या क्रिकेटचा अंपायरही वळून बघायला लागला.

१० जानेवारी, शुक्रवार

पोट बिघडलं. मैदानासमोरची पावभाजी. वय चौपन्न, अक्कल बेताची.

१४ जानेवारी, मंगळवार

बोरिवली. सात नंबरने आज पकडी तर केल्याच, वर चढाया! डावखुरा आहे हे त्या दिवशी लक्षातच आलं नव्हतं. बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून असा परततो की समोरचे हात चोळत बसतात. घाटकोपरला दोनच चढाया केल्या होत्या, दोन्ही वेळा रिकाम्या हाताने आला होता. पाच दिवसांत एवढी सुधारणा! याला म्हणतात मेहनत.

लांबून थोडा उंचही वाटला. जर्सी आखूड असेल.

मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ अनुपमाला तीनदा दाखवला. ती तिळाच्या वड्या कापत होती. 'छान आहे हो,' म्हणाली. तिन्ही वेळा त्याच सुरात.

१९ जानेवारी, रविवार

मुलुंड. आज त्याने उजव्या हाताने गुण घेतले! मागे वळता वळता लाथही मारतो. डावा हात, उजवा हात, पाय, पकड — सगळं एकाच पोरात! मी मैदानाच्या कडेला एकटाच टाळ्या वाजवत होतो. निवड करणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा असतो, असं मीच एका शिबिरात तासभर सांगितलं होतं.

२० जानेवारी, सोमवार

पवईच्या ऑफिसात देवेशला भेटलो. आमच्या व्यावसायिक संघासाठी खेळाडू निवडायचं काम त्याच्याकडे. तिशीही गाठली नाही, कबड्डी खेळलेला नाही, पण देशातल्या कुठल्या पोराने कुठे किती गुण घेतले ते तोंडपाठ. मी त्याचा उपनगरातला माणूस. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची कॉलेजं माझ्याकडे.

'सर, असा ऑलराउंडर असता तर आत्तापर्यंत कोणी सोडला असता का?'

मी म्हटलं, 'बघणारा लागतो रे!'

त्याने छताच्या पंख्याकडे बघावं तसं कोरं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, 'चाचणी शिबिराला तुमच्याकडून एकच नाव घेतोय या वर्षी. मागच्या दोन वर्षांसारखं नको व्हायला, सर. तसं झालं तर मला वर काय तोंड दाखवायचं?'

मागच्या दोन वर्षांचं असं की दोन वर्षांपूर्वीचा माझा वाघ शिबिरात मासे मिळत नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी घरी पळाला. गेल्या वर्षीचा वाघ वजनाच्या मर्यादेपेक्षा सहा किलो जास्त भरला. तेव्हा मी चारचौघांत म्हणालो होतो, की काटा बिघडलाय.

आकाशचं नाव देऊन आलो. गुण सांगताना थांबतच नव्हतो. देवेशने शेवटी लॅपटॉप मिटला. हा पोरगा चुकला तर माझं हे काम गेलं. सरळ सांगायचं तर मैदानावर जायला माझ्याकडे दुसरं काही निमित्त उरलेलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

झोप लागत नाही. मला वाटतं आनंदाने. अनुपमाच्या मते गॅसने.

२६ जानेवारी, रविवार

काय लिहू! वाट लागली.

अंधेरीला अंतिम सामना. सुट्टी म्हणून अनुपमाही आली. बसल्या बसल्या म्हणाली, 'अहो, हा तो नाही.'

'कोण तो?'

'तुमचा सात. बोरिवलीच्या व्हिडिओतल्याला मिशी नव्हती. ह्याला आहे.'

'मिशी वाढते, अनुपमा.'

'बरं. आणि रंग? कान? तो एवढा उंच होता, हा माझ्याएवढा आहे!'

माझ्या हातातून फोन घेतला, तिन्ही सामन्यांचे व्हिडिओ थांबवून मोठे केले, स्वतःचा चष्मा माझ्या नाकावर चढवला. घाटकोपरचा सात एक. बोरिवलीचा सात दुसरा. मुलुंडचा तिसरा. आणि समोर मैदानात चौथा, भरघोस मिशीवाला, आत्ताच कुणाचा तरी घोटा धरून लोळत होता.

साकीनाकावाले दोन गुणांनी हरले. मला ते अनुपमाने सांगितलं. मी तिचा चष्मा घालून जमिनीकडे बघत होतो.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळीच त्यांच्या कॉलेजच्या मैदानावर गेलो. रात्रभर मनात भाषण तयार केलं होतं — फसवणूक, शिस्त, खेळाची इज्जत. पोरांना उभं केलं. भाषण दोन वाक्यांत संपलं, कारण आकाश मध्येच म्हणाला, 'सर, घाटकोपरला तुम्ही माझं नाव विचारलंत ना, ते सगळ्या मैदानाने ऐकलं.'

'मग?'

'मग प्रबुद्ध बोलला, सर फक्त सातलाच बघतात. शेवटचं वर्ष आपल्या पाचही जणांचं आहे. एकट्यालाच का बघायचं? सात फिरवूया.'

प्रबुद्ध म्हणजे त्यांचा कप्तान. चार नंबर. वाकोल्याचा, सावळा, हडकुळा. घामाने भिजलेला टॉवेल पिळत शांतपणे माझ्याकडे बघत होता. मग बाकीचे एकदम बोलायला लागले. जो सात घालील त्याने डाव्या कोपऱ्यात उभं राहायचं, असं ठरलं होतं. आपापल्या चढाया आपापल्या पद्धतीने. 'सरांना सगळं दिसलं पाहिजे ना!' पंचांना दरवेळी यादी बरोबर दिली होती. फसला कोण, तर फक्त मी.

माझं अख्खं 'निरीक्षण' म्हणजे चार वेगवेगळी पोरं! जगात नसलेला एक ऑलराउंडर मी पवईला पाठवून मोकळा झालो होतो.

'सॉरी सर. तुमचा लोचा झाला ना?' मिशीवाल्याने विचारलं. खरंच वाईट वाटून विचारलं त्याने. रागावायचं होतं पण हसूच आलं.

मी प्रबुद्धला विचारलं, 'तुझी पाळी कधी होती रे?'

'फायनलच्या नंतरच्या मॅचला, सर.'

'फायनलनंतर कुठली मॅच?'

'तेच ना सर,' म्हणाला, आणि टॉवेल पिळत राहिला.

निघताना आकाश गेटपर्यंत मागे आला. 'सर, नाव तर माझंच गेलंय ना? मग राहू दे ना यार... सॉरी, सर.' त्याला दोष देत नाही. मीही त्या वयात हेच म्हणालो असतो, आणि 'सॉरी'सुद्धा म्हणालो नसतो.

२८ जानेवारी, मंगळवार

एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. चढाया वेगवेगळ्या, कारण पोरं वेगवेगळी. मग पकड सारखी कशी? तोच क्षण, तोच घोटा, चारही पोरांची?

अनुपमाचा चष्मा लावून व्हिडिओ पुन्हा बघितले. आज तोंडंच बघितली. मग हात बघितले.

कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा हातात हात धरून उभे राहतात, ही तर कबड्डीतली साधी रीत. मी स्वतः पंधरा वर्षं तसा उभा राहिलोय. सातच्या शेजारी प्रत्येक सामन्यात चार नंबर. चढाईवाला हूल देतो, सात पुढे झेपावायला बघतो आणि चार त्याला मागे ओढतो. चढाईवाला पुन्हा हूल देतो, हा पुन्हा ओढतो. मग खरा पाय येतो आणि चारचा हात सुटतो. सुटला की सात खाली बसलाच! एकदाही चूक नाही. ओढणं, धरणं, सोडणं. पकड सातच्या नावावर लागते. चार नंबर तोवर दोन पावलं मागे जाऊन पुढच्या चढाईसाठी जागेवर उभाही राहिलेला असतो.

आकाशला फोन केला. 'हो सर,' म्हणाला, 'तो हात दाबतो आमचा. दाबून सोडला की जायचं. एवढंच. मला वाटलं तुम्हाला माहितीये.'

मला वाटलं तुम्हाला माहितीये! तीस वर्षं या खेळात घालवली मी.

२९ जानेवारी, बुधवार

देवेशला सगळं सांगितलं. आधी हसला. पाणी प्यायला आणि परत हसला. मिशीचं ऐकल्यावर बाहेरून दोघांना बोलावून त्यांनाही ऐकवलं. मी उभाच होतो.

मग म्हटलं, 'आकाशचं नाव काढ. प्रबुद्धचं घाल.'

त्याचं हसणं थांबलं. 'सर, त्याच्या नावावर पूर्ण स्पर्धेत दोन पकडी आहेत. दोन!'

'बाकीच्या सगळ्या त्याच्याच आहेत.'

'हे मी वर कसं सांगू?'

'माझ्या जबाबदारीवर सांग.'

त्याने लॅपटॉप पुढे ओढला. मग नाव बदललं. संध्याकाळी आकाशला फोन लावला, त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. बरोबर आहे त्याचं. आशा लावली मी, आणि तोडलीही मीच.

३ फेब्रुवारी, सोमवार

चष्मा केला. अनुपमाने विचारलं, 'आता कशी दिसते मी?' उत्तर द्यायला जरा उशीर झाला. जेवण पानात आदळलं गेलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रबुद्धच्या घरी जाऊन आलो. त्याची आई घरकामं उरकून नुकतीच टेकली होती, तरी उठून चहा ठेवलाच. वडील मूळचे परभणीकडचे, एका सोसायटीत वॉचमन आहेत. परीक्षा झाली की साकीनाक्याच्या एका कारखान्यात प्रबुद्धला चिकटवायचं त्यांच्या मनात आहे. मालकाशी बोलणंही झालंय. 'पण शिबिरात झालं तर खेळू दे की वर्षभर,' वडील म्हणाले. 'आमच्यात कोणाला वर्ष मिळतं हो असं?'

प्रबुद्ध खाली मान घालून बशीत चहा ओतत होता. त्याला खेळायचंय. तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं, आणि आता मला दिसतं. फार भीती वाटली.

९ फेब्रुवारी, रविवार

शिबिर झालं. कुठून कुठून पोरं आली होती. प्रबुद्धच्या शेजारी कोपऱ्यात सांगलीकडचा एक निलेश लावला. दोघांची ओळखसुद्धा नाही! पहिल्या पाच मिनिटांत निलेश दोनदा घाईने झेपावला, दोन्ही वेळा बाद. मग प्रबुद्ध त्याच्या कानात काहीतरी बोलला आणि हात धरला. त्यानंतर जो आला तो पडला. एक, दोन, तीन, पाच पकडी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर बाकावर उभा राहिलो. अनुपमाला फोन करून सांगितलं, झालं गं! आपलं पोरगं आलं!

'आपलं' कधीपासून, असं तिने विचारलं नाही. बरी बाई आहे ती.

११ फेब्रुवारी, मंगळवार

देवेशचा फोन. आवाजच आनंदी! मी उठून उभा राहिलो.

'सर, भारी! तुमच्या चारच्या बाजूचा तो निलेश — काय कोपरा आहे! कोच एकदम फिदा. घेतला त्याला.'

'आणि प्रबुद्ध?'

'चांगला आहे सर. पण पकड कुठे आहे त्याची? एक.'

मी ओरडलो. काय काय ओरडलो आठवत नाही. हात बघ म्हणालो, व्हिडिओ लाव म्हणालो, डोळे फुटलेत का म्हणालो. हे मी, मी म्हणालो! देवेशने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, 'सर, तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण हात धरायला संघात जागा नसते.'

माझ्या कामाचं 'पुढच्या वर्षी बघू' असंही म्हणाला. ते जाऊ दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रबुद्धला मैदानावर जाऊन सांगितलं, फोनवर सांगवेना. तो ऐकत होता. निलेशची निवड झाली म्हटल्यावर हसला. 'झाला ना? घाई करत होता जाम. त्याला बोललो होतो मी, मी दाबल्याशिवाय जाऊ नकोस.' मग जर्सीची पिशवी खांद्याला लावली आणि चार पावलं जाऊन परत आला.

'सर, एक विचारू? मी पण एकदा सात घालायला पाहिजे होता ना?'

मी लगेच 'नाही रे' म्हणालो. खरं बोललो की खोटं, अजून ठरवता आलेलं नाही.