थडग्यातले चार दिवस

माझी थोरली, देवाच्या दारी राहणारी बहीण तेरूती हिला धाकट्या पिनूतीचा वाकून नमस्कार. सगळ्यांत आधी तुझी तब्येत. गुडघे कसे आहेत? एरंडेलाने चोळतेस की नुसतंच सोसतेस? तुमच्या मठाच्या मोठ्या आईंना, विहिरीवरच्या त्या बहिऱ्या भगिनीला आणि स्वयंपाक करणाऱ्या जाड्या भगिनीला (नाव विसरलो, तिच्या हातची मसूर विसरलेलो नाही) माझा एकेकीला वेगळा नमस्कार सांग, एकात उरकू नकोस. इकडे मी देवाच्या कृपेने बरा आहे. म्हणजे पाठ धरली आहे, उजव्या डोळ्याला रांजणवाडी आली आहे आणि गावात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. एरवी बरा आहे.

तू मामांना मूठमाती दिल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्या नावेने निघून गेलीस. मी धक्क्यावर उभा होतो. तू मला पाहिलंस आणि डोक्यावरचं वस्त्र नाकापर्यंत ओढून घेतलंस. ताई, मी तुला दोष देत नाही. पण गावाने तुला काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे, आणि आपलं गाव कसं आहे हे तुला ठाऊक आहे (उंदीर मेला तर हत्ती मेल्याचं सांगतील). म्हणून जे घडलं ते माझ्या तोंडून ऐक. ते गाव सांगतं त्याहून वाईट आहे, हे आधीच कबूल करतो.

सुरुवात ईस्टरनंतर झाली. मामांनी मंडळींना बोलावून सांगितलं की माझ्याने आता निभत नाही, येत्या रविवारी माझ्यामागे बिशप कोण ते ठरवा. आता तुम्ही भिंतीआडच्या, तुम्हाला कदाचित आठवत नसेल, पण आपल्याकडे बिशप व्हायला जो पुढे येतो त्याला कुणी विचारत नाही. जो पळून लपून बसतो, त्याच्यामागे लोक लागतात. वरच्या गावच्या बिशपना धान्याच्या कणगीतून ओढून काढलं, दाढीत जव अडकलेले तसंच देवळात नेलं. त्याच्या पलीकडच्या गावी तर एकजण कशालाच बधेना, तेव्हा तुझी आई शेवटच्या घटका मोजतेय असा निरोप धाडला. बिचारा धावत आला तो थेट वेदीपुढे, आणि आई घरी बदक सोलत बसलेली. नको नको म्हणणं हीच देवाच्या बोलावण्याची खूण. मी वीस वर्षं देवळात ग्रंथ वाचतोय, बिशपचा सख्खा भाचा, आवाज बरा. माझ्याशिवाय होतं कोण? तो विणकर कोलूथ? ज्याला स्तोत्राची पट्टी कधी सापडली नाही आणि जो दिव्यात तेल ओततो कमी आणि जमिनीवर जास्त?

तरी खात्री असावी म्हणून मी दृष्टांताची सोय केली. सोय म्हणतो, कारण आज तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. खरं एवढंच की मंगळवारी दुपारी खारवलेली मासळी जरा जास्त झाली म्हणून मी देवळातल्या कपड्यांच्या खोलीत आडवा झालो, आणि डोळे उघडले तेव्हा झरोक्यातून ऊन धुतलेल्या वस्त्रांवर पडलं होतं. फार उजेड होता, ताई. क्षणभर मला खरोखरच भरून आलं. ते तसंच ठेवलं असतं तर आज माझ्याजवळ काहीतरी उरलं असतं. पण संध्याकाळी सांगताना त्यात एक आवाज आला, बुधवारी सकाळी न्हाव्याकडे एक मुकुट आला, आणि दुपारपर्यंत दोन देवदूतही आले, पैकी एक आजोबांसारखा दिसणारा. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. नावाने हाक मारली का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोनदा. मग तू काय केलंस? मी म्हटलं, काय करणार, घाबरून गप्प बसलो. मामा खोकले आणि म्हणाले, “हाक ऐकू आली की आधी ओ द्यावी, बाळा. कोण आहे ते मग बघावं.” त्यांना नुसता खोकला होता, ताई. हिंडत-फिरत होते. दाराशी बसून कांदा खात होते. त्यांना काही होईल असं मला वाटलं असतं तर मी उंबरठा ओलांडला नसता. हे तू मानलं नाहीस तरी चालेल, पण वाच.

गुरुवारी मी पळालो. पश्चिमेच्या कड्यातल्या जुन्या लोकांच्या थडग्यांपैकी तिसरं मी हेरून ठेवलं होतं. बरोबर भाकरी, खजूर, कांदे आणि जवाच्या बिअरची एक सुरई (पाणीही होतं). पळालेला माणूस सापडला पाहिजे, म्हणून न्हाव्याला मी कुठे जातोय ते सांगून कुणाला सांगू नकोस अशी शपथ घातली, आणि कालव्याच्या बांधावर एक वहाण कड्याकडे तोंड करून ठेवली. दुसरी पायात ठेवून दगडधोंड्यांतून चढलो, त्याचे फोड अजून आहेत. आत भिंतीवर कुत्र्याच्या तोंडाचा एक देव रंगवलेला. चार दिवस तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. शेवटी शेवटी तोच जास्त शहाणा वाटायला लागला.

शुक्रवारी दिवे लावणारा पशोई आला. त्याचं खुब्याचं दुखणं तुला माहीत आहे, चढताना त्याचा श्वास मला आतपर्यंत ऐकू येत होता. बाहेरून म्हणाला, “पिनूती, आहेस ना रे? मामांचं बिघडलंय. तुला विचारतायत.” आणि मी, ताई, आतल्या आत हसलो. बदक सोलणारी आई मला आठवली. म्हटलं, वा, आपल्याकडेही तेच जाळं टाकलं, जरा नवं तरी शोधायचं. मी श्वास रोखून पडून राहिलो. शनिवारी भर उन्हात तो पुन्हा आला. “तेरूतीताईपण आलीय. मामा सारखं तुझंच नाव घेतायत. ये की खाली.” मला वाटलं, तयारी बरी केलीय, बहिणीलाही गोवलं. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा सगळं गाव येऊन ओढून नेईल, हे मी मनाशी धरून बसलो होतो. पशोई दगडावर बराच वेळ टेकला होता. मग म्हणाला, “बरं. बस मग.” तो गेल्यावर बाहेर बघितलं, तर फडक्यात अंजीर बांधून ठेवले होते. ते मी खाल्ले.

रविवारी मी केस विस्कटले, अंगाला धूळ फासली आणि दाराच्या दगडाला कुठल्या हाताने मिठी मारायची याची रंगीत तालीम केली (डाव्याने, म्हणजे उजव्याने अश्रू पुसता येतात). कुणी आलं नाही. सोमवारी दुपारी बिअर संपली आणि मी आपला आपण खाली उतरलो. देवळाबाहेर बायका रडत होत्या. मला वाटलं, मी सापडत नाही म्हणून. पुढचंही लिहून टाकतो. मी कुंभारणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “नका रडू, आलोय मी.” तिने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, एका पायातली वहाण बघितली, आणि म्हणाली, “सकाळीच पुरलं त्यांना. लवकर आलास.”

बाकीचं तू डोळ्यांनी पाहिलंस. कोलूथ तीन दिवस मामांच्या उशाशी बसून त्यांची थुंकी पुसत होता, आणि रविवारी मंडळी त्याला न्यायला आली तेव्हा म्हणाला, थांबा, आधी यांची कूस बदलू दे. पळून जायला त्याला सवडच मिळाली नाही. आता तोच आमचा बिशप. स्तोत्राची पट्टी अजून चुकते. मला त्याने शिक्षा केली असती तर मी त्याला माफ केलं असतं, पण त्याने मला घरी जेवायला बोलावलं. मी ताटावर बसून दृष्टांताचं सगळं खरं सांगून टाकलं. तो म्हणाला, मामांना बुधवारीच कळलं होतं. देवदूत आजोबांसारखा दिसत होता हे सांगताना त्यांना हसू आवरेना, हसता हसता ठसका लागला. आणि तरी दुसऱ्या दिवसापासून ते माझी वाट बघत राहिले. मला हाक मारली आणि मी ओ दिली नाही, एवढंच झालंय बघ. त्या हाकेला मुकुट नाही आणि देवदूत नाहीत. रोज सकाळी उठलो की ते तिथेच असतं.

तर असो. पत्र लांबलं. गुडघ्यांना जप, उपास बेताने कर. मोठ्या आईंनी माझ्यासाठी प्रार्थना केली तर नाही म्हणणार नाही. तुझा, कसाही असला तरी तुझा, भाऊ पिनूती.

ता. क. मुख्य काम राहिलंच. मामांची तपकिरी घोंगडी तुझ्या गाठोड्यात चुकून गेली असावी. थंडीच्या आधी पाठवलीस तर बरं. पत्र खरं तर तेवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. घोंगडी इथेच आहे, खुंटीवर. ती तुझ्याकडे नाही हे मला माहीत होतं. कोलूथ म्हणतो, रविवारी संध्याकाळी तो पाणी आणायला गेला तेव्हा मामांनी तुला जवळ बोलावलं आणि कानात काहीतरी सांगितलं, आणि त्यात माझं नाव होतं एवढं त्याने दारातून ऐकलं. ताई, ते काय म्हणाले? रागावले असतील तर राग जसाच्या तसा लिही, एकही शब्द गाळू नकोस. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. नुसते त्यांचे शब्द लिही, खाली तुझं नावही घालू नकोस.

ता. क. तिसरा. पत्र पशोई घेऊन येतोय. मी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही. त्याला दोन दिवस ठेवून घे आणि रिकाम्या हाती पाठवू नकोस. मामा काहीच म्हणाले नसतील तर तसं कळव. मला बरं वाटावं म्हणून मनचं काही रचू नकोस. रचलेलं मला पहिल्या ओळीत ओळखू येईल, आणि तरीही मी ते जन्मभर खरं धरून बसेन.