दोन शब्द बोला, नईमभाऊ

शिंदखेडा
५ डिसेंबर २०२५

निलोफर,

सलाम. काल धुळ्याच्या सभागृहात तू पडद्यावर तो खाली घसरत जाणारा आलेख लावलास, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तरी रीत म्हणून लिहितो, इकडे खैरियत. जळगावला अम्मी बरी आहे. फोनवर आवाज चढला असता, म्हणून कागद.

तू बोलावलंस म्हणून शर्टाला इस्त्री करून आलो. पडद्यावर तुझ्या नावाखाली 'ऊर्जा-अर्थतज्ज्ञ' वाचून छाती माझी फुगली! आणि तू शांतपणे म्हणालीस, "सौर प्रकल्पातला रोजगार उभारणीपुरता. पॅनेल बसले की मूठभर माणसं पुरतात. हे सुरुवातीपासून गृहीतच असतं."

गृहीत! वाटलं, दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाचं असेल. मग खाली शिंदखेडा वाचलं. आमची पॅनेलची शेवटची रांग परवाच बसली.

शेजारी माझा साइटवरचा जोडीदार अभिमन. "काय म्हनी ऱ्हायनी रे ती?"

"आपलं काम सरनं, भो."

"मंग टाळ्या का बरं वाजाडी ऱ्हायनात?"



दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या कँटीनमध्ये तूच म्हणालीस ना, शिंदखेड्याला कामच काम निघणार? तेव्हाही याच विषयात डोकं घालून होतीस. 'आधी परीक्षा दे' असंही म्हणालीस, खोटं कशाला बोलू. पण पुढे म्हणालीस, 'मी सर्वेक्षणाला तिकडे येतच राहीन.' मला तेवढं पुरलं; परीक्षा सोडून इथे कामाला आलो.

आलीसही. दरवेळी माझ्या हातचा चहा घेतलास आणि सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलंस, "समाधानी आहात का?" मी तुझ्याकडे बघत हो म्हणायचो. तू ते समाधान कामाच्या नावावर मांडलंस!

मग काल स्टेजवर बोलावलंस. "दोन शब्द बोला, नईमभाऊ." भाऊ! पाठ केलेलं सगळं उडालं. मी माइक धरून एवढंच म्हणालो, "मॅडम, हा आलेख कँटीनमध्ये का नाही दाखवलात?"

तू पाणी प्यायलीस.

मी निघालो. दार असं आपटणार होतो की पडदा खाली यावा. पण ते एसीच्या हॉलचं दार, कितीही जोर लावा, आपल्याच चालीनं सावकाश मिटतं. फट बुजेपर्यंत तू दिसत होतीस. एकदाही मान वळवली नाहीस.

सामान बांधून झालंय. साइटवरची ही खोली पत्र्याची आहे. हिचं दार आपटतं. आपटून निघतो.

तुझा, पण भाऊ नव्हे,
नईम