काचेवरचं पाणी

सिद्धेश,

तेराव्याचं सामान आणायला गाडी ने. काचेवर आता पाणी उडतंय. पंप, फ्यूज चांगलेच होते. बाबा टाकीत रिठ्याचं पाणी भरायचे, त्याच्या गाळाने बॉनेटवरची पाणी उडवायची भोकं बुजली होती. मी ती सुईने मोकळी केली. यापुढे साधंच पाणी भर.

गेल्या महिन्यात ते फोनवर म्हणाले होते, "कामणच्या रस्त्यावरच्या धुळीत काचेतून दिसत नाही, पाणीही उडत नाही गं, तुझ्याकडे येऊ कसा?" मी म्हटलं, "गॅरेजला दाखवा." मी पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडे न येताच ते गेले. काम पाच मिनिटांचं होतं.

रिठ्याचं पाणी आई गाळून द्यायची. तिने विचारलं, तर पंप जळला होता म्हणून सांग.

ताई