बिनआवाजाची पेटी

रवि. २ नोव्हेंबर

देवदत्त वरच्या मजल्यावर राहतो म्हणून त्याची अक्कलही माझ्या वरची! "एवढ्या पैशात कसला सर्व्हर बसतो, काका? चांगले चाळीस हजार टाका." अरे, मला काय थिएटर काढायचंय? आईची तेलुगू भजनं, घरातल्या लग्नांचे व्हिडिओ, चार जुने सिनेमे – सगळं एका पेटीत भरायचं आणि नेट असो-नसो, टीव्हीवर लावायचं. बस्स!

वडिलांच्या कारखान्यातले कापडाचे माग विकून दसऱ्याला आईला तिथल्या घरातून इकडे जुळे सोलापुरात आणलं. तेव्हापासून तिचा एकच धोशा – "हितं लई गप्प गप्प हाय रे. डोळा लागत न्हाय. मला तिकडंच सोड." तिकडे आहे कोण? रिकामा कारखाना आणि कुलूप! या वयात एकटी राहणार? म्हणून तर गाण्या-सिनेमांचा खटाटोप. जीव रमेल तिचा.

मंगळ. ४

शिवपुत्रच्या दुकानात ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर मिळाला. नवी हार्ड डिस्क घालूनही परवडला. दहादा विचारलं, आवाज येतो का? "छे ओ, मांजरागत गप बसतंय की!"

बुध. ५

मांजर म्हणे! फॅन नुसता खडखडतोय. अंबिका स्वयंपाकघरातून ओरडली, "हॉलमध्ये कारखाना काढलात व्हय?" बायकोचंही ऐका! शिवपुत्रला फोन केला, तर म्हणतो, "त्या पैशात आणि काय पायजे ओ?" काय पाहिजे? शब्दाला जागणारा माणूस पाहिजे! शनिवारी फॅन बदलून देणार आहे. उपकारच!

गुरु. ६

आईने एक भजन अर्धं ऐकलं आणि बंद करायला लावलं. "गाणी नको रे. घरी सोड."

संतापलो. ओरडलोही. कुणासाठी ही उस्तवार? ती पिशवी भरून बसली. रविवारी सोडतो म्हणालो. फार वाईट वाटतंय.

शनि. ८

फाइली चढवायला कॉम्प्युटर सकाळपासून चालू ठेवला होता. दुपारी शिवपुत्र बिनआवाजाचा फॅन घेऊन आला. दार उघडायला उठलो – तर आई त्या पेटीशेजारी सतरंजीवर आडवी. गाढ झोपलेली! टीव्ही बंद. फॅन खडखडत होता. वडील माग चालवायचे तेव्हा ती दुपारची अश्शीच झोपायची.

शिवपुत्रला दारातूनच परत पाठवलं. पिशवीतली लुगडी अंबिकाने कपाटात ठेवली.