टाकी भरलेली, नळ कोरडा

४ मार्च
एक कोडे. गावाची पाण्याची टाकी पहाटे ओसंडते, खाली चिखल होतो. आणि शंभर पावलांवरचा नळ कोरडा. असे कसे?
पंचवीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, सहा वर्षे जि.प. सदस्य आहे, तरी हे आज पाहिले. तेही लोकसभेच्या उमेदवारीसाठी नाव चर्चेत आहे, म्हणून फिरणे वाढले. लाज.
शेजारच्या शांताबाई विहिरीवरून येत होत्या. "सर, नळ लावले, रंगवले बी. पाणी काहून नाही सोडून राहिले?"
चाचणी सुरू आहे, म्हणालो. अभियंत्याने तसे सांगितले होते.
"नऊ महिने चाचणी? एवढ्यात तं लेकरू होते, सर!"

६ मार्च
क्रमाने तपासले. पंप ठीक. जलवाहिनीला गळती नाही. उरला मुख्य व्हॉल्व्ह. त्याच्या लोखंडी खोक्याला कुलूप.
पंपावरचे वामनराव नजर चुकवत म्हणाले, "पंप अडकू नये म्हून रोज चालवतो. किल्ली मनीषनगरले हाये, अध्यक्षसाहेबाच्या हापिसात."

७ मार्च
शहरात, मनीषनगरच्या पक्ष कार्यालयात गेलो. आमच्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष हसत होते. "सर, तुमच्याच संत्रा शिबिरात शिकलो ना मी! संत्र्याचं पाणी तोडल्याशिवाय फूल नाही. तुमचं नाव जाहीर होईल त्या दिवशी तुमच्याच हातानं सोडू. मग पाहा, मतं कशी लदबदून येतात!"
खरेच, मीच शिकवले. बागेचे पाणी महिनाभर तोडावे, पाने मलूल झाली की पुन्हा द्यावे. सारे झाड एकदम बहरते. याला ताण देणे म्हणतात. किती उत्साहाने आकृत्या काढल्या होत्या! माणसांना ताण देणे त्या फळ्यावर नव्हते.
"आजच सोडा," म्हणालो.
"मग तिकिटावरही पाणी सोडा, सर."
त्यांचा चहा प्यायलो आणि परत आलो.

११ मार्च
उद्या दहाला उद्घाटन, त्याच मंचावर माझ्या नावाची घोषणा. पहिली घागर शांताबाईंनी भरायची. पक्षाने त्यांना नवे लुगडे पाठवले. "घेऊ का, सर?" बैठकीचे निमित्त काढून निघालो.
खासदार झालो की अशी सगळी कुलपे काढीन, असे दोन दिवस मनाला समजावतो आहे. त्या समजावण्याचीही किळस येते.
दुपारी मंडपवाल्यांना व्हॉल्व्हला हार बांधता यावा म्हणून खोके उघडले होते. आसपास कोणी नव्हते. चाकावर हात ठेवला. फिरवला नाही. बोटे गंजाने तांबडी झाली, डाग साबणानेही धड निघाले नाहीत.
उद्या माईक हाती येईल. काय बोलेन, ते अजून ठरत नाही; तोवर इथे एवढेच लिहून ठेवतो.
काम आजचे की कधीच होऊन पडलेले, याची परीक्षा सोपी आहे, कुणीही करावी. उद्घाटन आटोपून मंडळी जेवणाकडे वळली की व्हॉल्व्हच्या बोल्टवरून बोट फिरवावे. काम खरोखर आजचे असेल, तर बोट स्वच्छ राहील.