गठ्ठ्यातला हंगाम

सोमवार, ४ डिसेंबर १९४४

वाल्टर साहेबाचं पार्सल आलं. बोटीनं, तीन महिन्यांनी. आत त्याच्या गावच्या वर्तमानपत्राचे चाळीस अंक, ऑगस्ट-सप्टेंबरचे, सुतळीनं बांधलेले. मी राखतो तो शेटजींचा बंगला लष्करानं आजाऱ्यांसाठी घेतल्यापासून बरेच गोरे आले-गेले, पण खेळाच्या बातमीसाठी एवढा आसुसलेला हाच पहिला. कावीळ होऊन दिवाळीपासून पडून आहे. आज प्रथमच उठून व्हरांड्यात आला.

गठ्ठा माझ्या हाती दिला. "गणपत, हा तुझ्या खोलीत ठेव. रोज सकाळी एक आणायचा. मी मागितला तरी दुसरा द्यायचा नाही."

का, म्हणून विचारलं. म्हणाला, तिकडं बेसबॉलचा सामना जवळजवळ रोज असतो, तो रोजचा रोजच बघायचा. माझ्यापाशी ठेवला तर मी आजच शेवटचा अंक उघडीन, असंही म्हणाला.

मला हे लगेच पटलं. पोथीचं पारायण असंच असतं. रोजचा नेम ठरलेला, पुढचा अध्याय चाळायचा नाही. गठ्ठा देवाच्या फडताळात ठेवला. निळ्या पेन्सिलीनं १ ते ४० आकडे घातले.

बुधवार, ६ डिसेंबर

दुसरा अंक झाला. वा. साहेबाच्या गावचा संघ म्हणजे नावाडी. गावाला मोठी नदी आहे, पूर्वी तिथं उताऱ्याची होडी चालायची म्हणून हे नाव. पगारी खेळाडू, धंदाच तो. वरच्या गावचे खाणवाले पहिल्या जागेवर आहेत, आपले नावाडी दुसऱ्या. (दोन दिवसांत "आपले" लिहू लागलो.)

साहेबानं जांभळाखाली काठीनं मैदान काढून दाखवलं. चार घरं. फळीवाला चेंडू मारून पळतो, तिन्ही घरं फिरून मूळ घरी परतला की एक धाव. म्हणजे निघाला तिथंच धडपणे परत यायचं, एवढ्यासाठी सगळी यातायात.

खरी गोष्ट आज कळली. साहेबाचा धाकटा भाऊ या संघात आहे, नाव जो. डावरा, चेंडू टाकणारा. एका कानानं बहिरा म्हणून फौजेत घेतलं नाही. एवढ्याच हंगामापुरतं नाव लागलंय. संपेस्तोवर पसंत पडला तर पुढच्या वर्षी ठेवतील, नाहीतर पुन्हा लाकडाच्या वखारीत. पार्सल तेवढं नशिबानं इथं पोचलं, घरची पत्रं साहेबाच्या पलटणीमागं आसामात कुठंतरी फिरतायत. तेव्हा जोचं काय झालं ते या गठ्ठ्यातच.

शनिवार, ९ डिसेंबर

जोनं खेळलेला सामना नावाडी (यापुढं ना., आणि खाणवाले खा.) जिंकले. एका धावेनं.

पानाच्या तळाला बारीक तक्ता असतो, त्यात प्रत्येकाच्या नावापुढं आकडे. एक रकाना चुकांचा. चेंडू हातातून सुटला, चुकीच्या घरी फेकला, सगळं नावानिशी छापतात, आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी उभा राहतो. आणखी एक रकाना फार आवडला. पुढं अडकलेल्या गड्याला सरकता यावं म्हणून एखादा मुद्दाम स्वतः बाद होतो. त्याचीही वेगळी नोंद ठेवतात. बराच वेळ त्या रकान्याकडेच बघत बसलो.

बुधवार, १३ डिसेंबर

नववा अंक गेला. काल अंक झटकायला बाहेर काढले होते, स्वयंपाकाच्या सखूमावशीनं वरचा उचलून बंब पेटवला.

"येवढं काय त्यात? चाळीस हाईत की," म्हणाली. साहेब मात्र चिडला नाही. दहावा मागवला आणि म्हणाला, "आता शोधून काढू." खेळाच्या पानावर रोज संघांची क्रमवारी असते, कोणी किती जिंकले, किती हरले. आठव्यातली आणि दहाव्यातली समोरासमोर ठेवली, दहाव्यात छापलेले निकाल वजा केले. ना. जिंकलेले एकानं वाढले होते. खा. हरलेले एकानं वाढले होते, बाकीच्यांची हारजीत आपसांत जुळत होती. म्हणजे जळलेल्या अंकात आपण खाणवाल्यांनाच हरवलं. तासभर आम्ही दोघं खूश होतो. कोणी चेंडू टाकला ते मात्र क्रमवारीत नसतं.

रविवार, १७ डिसेंबर

परंदवडीहून धाकटा भाऊ धोंडू आला, हरभऱ्याचा ओला घाटा घेऊन. अंक वाचताना बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "भाऊ, ही म्याच कवाची?"

"ऑगस्टातली."

"म्हंजी निकाल लागून गेला. आन् तू सकाळी देवाला हात जोडतूस त्यांच्यापायी. हाटेलात सांगितलं तर लोक हसत्याल."

खरंच आहे, मी जोसाठी रोज दत्ताला नमस्कार करतो. जे होऊन गेलं त्यासाठी मागणं खोटं म्हणायचं का? आणि मला ठाऊक नाही तोवर ते माझ्यापुरतं व्हायचंच आहे, त्याचं काय?

सखूमावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "धोंड्या, देवाच्या घरी काय क्यालिंडर टांगलंय व्हय?"

धोंडूनं घाटा सोलायला घेतला. मी अजून विचार करतोय.

सोमवार, २५ डिसेंबर

त्यांचा नाताळ. बाविसावा अंक. वाईट.

फळीवरून सुटलेला चेंडू सरळ जोच्या डाव्या कोपरावर बसला. मैदानातून धरून नेलं. बातमी तिथंच संपते. साहेब हसायचा प्रयत्न करत होता, "उद्या कळेल." दुपारी काही खाल्लं नाही.

सायंकाळी दिवा लावला, मन लागेना. आमच्या वडलांचा दंडक होता, पोथी अशुभ जागी थांबवायची नाही. गोष्टीतला माणूस संकटात असताना अध्याय संपला तर पुढच्या चार ओव्या वाचायच्या, तो सुखरूप ठिकाणी आला की मगच पोथी बांधायची. नाहीतर ते संकट घरात राहतं. मी तेविसावा काढला. चारच ओळी वाचणार होतो. डिक्शनरी घेऊन सगळंच वाचलं. डॉक्टर म्हणतात हात बांधून ठेवा, या हंगामात चेंडू टाकेलसं वाटत नाही. त्याच्या जागी दुसरा आणला आहे.

सुखरूप जागा आलीच नाही. चोविसाव्याला हात लावला नाही.

मंगळवार, २६ डिसेंबर

तेविसावा घेऊन गेलो तर साहेबाला ताप. लष्करी डॉक्टरनं आठ दिवस वाचन बंद केलंय. अंक सदऱ्याखाली घालून परत आणला. सुटलो असं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

शुक्रवार, २९ डिसेंबर

ताप उतरतो, चढतो. आज उशाशी पाणी ठेवताना मनगट धरलं. "गणपत, एवढंच सांग. जो खेळतोय का?"

"मला कसं ठाऊक असणार? नेम म्हणजे नेम."

इतक्या सहज बोललो. तक्त्यात माझ्या नावापुढं चुकांच्या रकान्यात दोन. एक वाचल्याची, एक ही. पहिली वडलांच्या दंडकावर ढकलता येईल, दुसरी कोणावर ढकलू?

सोमवार, १ जानेवारी १९४५

सखूमावशीला सांगून टाकलं. ती म्हणाली, "मंग सांग की त्येला. आजारी हाय, येडा न्हाई."

"धक्का बसला तर?"

"तुज्या त्वांडाकडं बघून त्यो रोजच मरतोय."

मंगळवार, २ जानेवारी

ताप गेला. वाचायला परवानगी मिळाली. तेविसावा त्याच्यासमोर ठेवला आणि उभ्याउभ्या सांगितलं की मी हा नाताळच्या संध्याकाळीच वाचला आहे. का वाचला तेही सांगितलं. इंग्रजीत पोथीचा दंडक सांगणं जड गेलं.

त्यानं अंक मांडीवर ओढला. मग विचारलं, "किती पुढचं वाचलंस?"

"हा एकच."

"चोविसावा?"

"नाही."

"म्हणजे शेवट तुलाही ठाऊक नाही." खुर्ची पुढं ओढली. "बस. इथून पुढं दोघं एकदम वाचू."

अंक वाचून झाल्यावर त्याची घडी घातली. म्हणाला, आमच्या आईनं पाहिलं असेल, ती प्रत्येक सामन्याला जाते. मग एकदम हसून, "संकट घरात राहतं म्हणालास ना? पण घर कोणाचं, तुझं का माझं?" मी म्हटलं, ज्याच्या घरात वाचलं त्याचं. म्हणजे शेटजींचं. दोघंही हसलो.

मंगळवार, ९ जानेवारी

आज तिसावा. जोचं नाव कुठंच नाही. त्याच्या जागी आणलेला बरा टाकतो, पण मला तो आवडत नाही, उगाचच. ना. आणि खा. आता बरोबरीत.

काल झारीनं बागेला पाणी घालत होतो, सखूमावशीनं हाक मारून विचारलं, "तुजं नावाडी जिकलं का रं?" तिलाही लागलं हे.

गुरुवार, ११ जानेवारी

साहेब बरा ठरला. उद्या दुपारच्या गाडीनं मुंबईच्या तळावर जायचा हुकूम. तिथं पंधरवडा तरी असेन म्हणाला. पुढचं त्यालाही माहीत नाही.

बत्तिसावा वाचला. आठ राहिले. मी गठ्ठा बांधून दिला, त्यानं परत केला. "गाडी खंडाळा ओलांडायच्या आत सगळे फोडीन. तू रोज एक वाच आणि मला रोज एक कार्ड टाक. दोन ओळी पुरे. कोण जिंकलं, आणि जो."

दोन पत्ते लिहून दिले, एक तळाचा, एक घरचा. घरचा कशाला, विचारलं. म्हणाला, असू दे.

स्टेशनावर येऊ नकोस म्हणाला.

रविवार, १४ जानेवारी

संक्रांत. धोंडू तिळगूळ घेऊन आला. बंगला रिकामा बघून हळूच म्हणाला, "सायेब गेला व्हय. मग आजचा अंक कोन वाचतंय?"

मी पस्तिसावा काढला. वाचून मराठीत सांगत गेलो. आपण हरलो. जो नाही. कार्ड लिहिलं, हे तिसरं. धोंडू म्हणाला, "त्या प्वोराच्या कोपराला कुनी हळद-आंबेहळद लावली न्हाई आसंल. डागदर नुस्तं बांदून ठिवत्यात." थोड्या वेळानं, "लिव की कार्डावर."

लिहिलं.

गुरुवार, १८ जानेवारी

एकोणचाळिसावा.

आपण जिंकलो, खा. हरले, पुन्हा बरोबरी. तळाशी बारीक बातमी. जोनं दोन दिवस सरावात चेंडू टाकला. हात पूर्ण बरा नाही, पण शेवटच्या सामन्यात त्याला मैदानात उतरवून बघू असं संघाचे मुख्य म्हणाले. शेवटचा सामना खाणवाल्यांशी. पहिली जागा त्यावर ठरणार. आणि जोची पुढची सालं.

धावतच टपालात गेलो. कार्डात ओळी दोनाच्या सहा झाल्या.

शुक्रवार, १९ जानेवारी

अंघोळ, पूजा झाली. चाळिसावा फडताळातून काढून पाटावर ठेवला. सुतळी सोडणार तोच पोस्टमन. माझी पहिली पाच कार्डं एकत्र बांधून परत आलेली. तळावरून शिक्का मारलाय, मनुष्य येथून गेला, पुढील पत्ता देता येत नाही. पंधरवडा म्हणाला होता, चार दिवसही ठेवला नाही.

म्हणजे तेहतिसाव्यापासून त्याला काहीच ठाऊक नाही. आपण हरलो तेही नाही, जो पुन्हा उभा राहिला तेही नाही. तो अजून बत्तिसाव्यातच आहे.

अंक उघडला नाही.

रविवार, २१ जानेवारी

धोंडू खास त्यासाठीच चालत आला, घामाघूम. परत आलेली कार्डं दाखवली. पाटावरचा अंक बघत राहिला.

"भाऊ, तुज्याच्यानं राहावतंय कसं?"

"तू सांग, उघडू?"

हात पुढं केला, मागं घेतला. "न्हाई. लई वाटतंय बगावं. पर ज्याचा भाऊ त्येला ठाव न्हाई, आन् आपन हितं बसून बगायचं? नगं."

सखूमावशी आमच्या दोघांवर वैतागली. म्हणाली, कागद कागद असतोय, मेल्यांनो.

बुधवार, २४ जानेवारी

तीन दिवस विचार केला. जोला पत्र लिहिलं, घरच्या पत्त्यावर. डिक्शनरी घेऊन दोन सकाळी लागल्या. त्याला त्याचा निकाल ठाऊक आहे, मला नाही. त्याचा भाऊ इथून कुठं निघाला ते मला थोडं तरी ठाऊक आहे, कदाचित त्याला नाही.

लिहिलं की मी गणपत, आपले बंधू माझ्या देखरेखीखाली बरे झाले, जाताना चालत गेले. ते सध्या कुठं आहेत हे आपल्या घरी कळलं असल्यास कृपा करून मला कळवावं, म्हणजे राहिलेल्या बातम्या त्यांना पाठवता येतील. आपल्या कोपरासाठी माझ्या धाकट्या भावानं आंबेहळद सुचवली आहे. खाली एक ओळ वाढवली: शेवटच्या सामन्याचं मात्र काही लिहू नये, तो आम्ही अजून पाहिलेला नाही.

पोस्टमास्तर म्हणाले, बोटीनं जाईल, तीन महिने धरा. मी हिशेब केला. एप्रिल. साहेब सांगायचा, एप्रिलात तिकडं नवा हंगाम सुरू होतो, त्या सुमारास दुपारी घरी कोणी सापडत नाही, सगळे मैदानावर असतात. पत्र दारात पडून राहिलं तरी चालेल, जो खेळत असला म्हणजे झालं.