ताईची नोंद

प्रिय ताई,

तुझा गुडघा कसा आहे हे विचारायला फोन पुरला असता. पण आज फोनवर माझी गाडी पुढे सरकली नसती, म्हणून कागद घेतला. घरी सगळं ठीक. तुझ्या भावजयीला नव्या चष्म्यातून मी जास्तच स्पष्ट दिसू लागलोय, त्यामुळे बोलणी वाढली आहेत.

मंगळवारी आमच्या विश्वकोशाच्या बैठकीत तुझं नाव निघालं. मी नाही हं काढलं! आमच्याकडे एक नवी संपादक आली आहे. ऊठसूट पुरावा मागते म्हणून सगळे तिला शंकासुर म्हणतात. तिने आपणहून तुझी नोंद लिहून आणली होती. सुरुंग निकामी करणाऱ्या तुकडीतली पहिली स्त्री-अधिकारी, आणि आपल्या मूठभर समाजातून सैन्यात अधिकारी झालेली पहिलीच व्यक्ती. तुझं सासरचं आडनाव, त्यामुळे आपलं नातं तिला ठाऊक नव्हतं. नात्यातल्या माणसाची नोंद आली की उठून बाहेर जायचं, असा आमचा रिवाज आहे. ही माझी सख्खी बहीण, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि चहाचा कप घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती माझी.

दार पातळ आहे, आतलं सगळं ऐकू येत होतं. पुलाजवळ गुडघ्यांवर बसून तू एका सकाळीत अकरा सुरुंग काढलेस, हेही तिने वाचून दाखवलं. मग मुख्य संपादकांनी नियम पुढे केला, की कुणा त्रयस्थाने लिहिलेलं, छापून आलेलं हवं. सैन्याच्या यादीत तुझं नाव आणि हुद्दा आहे, पण तू पहिली होतीस असं कुठेच नाही. ते म्हणाले, "एवढी मोठी गोष्ट होती, तर एकाही वर्तमानपत्राने ओळभर का छापली नाही?" सहा महिन्यांत पुरावा आला नाही तर नोंद वगळायची, असं ठरलं. साहेब वाईट नाहीत गं. तो नियम वीस वर्षांपूर्वी मीच लिहिला होता, आणि त्यावर बोट ठेवून कितीतरी जणांना मीच बाहेर ठेवलं. कुठल्याशा छोट्या समाजातला पहिला नौसैनिक होता, एक पहिली लष्करी डॉक्टर होती. त्यांच्या घरच्यांची कळवळून लिहिलेली पत्रं यायची आणि मी छापील उत्तर धाडायचो.

साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर बाकावर बसलेल्या मला माहीत होतं, ताई. तुझी नेमणूक झाली त्या आठवड्यात एक बातमीदार छायाचित्रकाराला घेऊन आपल्या घरी आला होता. तू प्रशिक्षणाला गेलेली, बाबा दुकानात. दार मी उघडलं. तेव्हा गल्लीत, माझ्या कॉलेजात, हे लोक नक्की कुणाच्या बाजूने लढणार असं आपल्याला उघड ऐकवत होते. तुझा फोटो छापून आला तर मला आणखी ऐकावं लागेल, एवढंच डोक्यात आलं. मी म्हणालो, "पत्ता चुकलाय. अशी कुणी मुलगी इथे राहत नाही." आणि दार लावून घेतलं. पुढे वर्षभर बाबा रोज सगळा पेपर चाळून म्हणायचे, आपल्या पोरीचं कुणी एवढंसुद्धा छापलं नाही, आणि मी मान खाली घालून जेवत राहायचो. मी घाबरलो होतो. त्याची मला अजून लाज वाटते. येत्या रविवारी शंकासुर एका पत्रकाराला घेऊन तुझ्याकडे येते आहे. त्यात काय मोठंसं, असं म्हणून त्यांची बोळवण करू नकोस. पुलाचं सांग, त्या सकाळचं सांग. आणि तेव्हा कुणी काही का लिहिलं नाही, असं त्यांनी विचारलं, तर हे पत्रच त्यांच्या हातात दे. खाली माझी सही आहे.

तुझाच (अजून म्हणू देशील तर),
धाकटा